प्रस्तावना : वरून पाहणारा माणूस

सुटकेच्या प्रत्येक युद्धकथेत तीन माणसं असतात. एक, शत्रूच्या मुलखात अडकलेला. दुसरा, त्याला परत आणायला निघालेला. आणि तिसरा, लांबवरून या दोघांवर नजर ठेवणारा. तो कधी विमानात असतो, कधी नकाशापुढे, कधी रेडिओला कान लावून बसलेला. पहिल्या दोघांवर कादंबरीकारांनी आणि दिग्दर्शकांनी भरभरून लिहिलं, चित्रित केलं. तिसरा बराच काळ कथेच्या कडेलाच राहिला. ड्रोन आलं आणि तो एकदम मध्यभागी आला. आता तो हजारो किलोमीटरवरच्या बंद खोलीत खुर्चीवर बसतो आणि तिथूनच त्या दोघांच्या डोक्यावर घिरट्या घालतो. त्याला रात्रीच्या अंधारात माणसाच्या अंगाची ऊबही दिसते. तरीही समोर चाललेल्या प्रसंगाचा अर्थ त्याला लागेलच असं नाही.

या संग्रहातले लेख त्या तिसऱ्या माणसाच्या शोधात निघाले आहेत. सुटका मोहिमेवरचे युद्धपट आणि युद्धकादंबऱ्या, त्यांच्यामागच्या खऱ्या मोहिमा आणि त्या मोहिमांना आकाशातून मिळालेली साथ, असा हा पट आहे. या साहित्याशी ज्यांची फारशी ओळख नाही, त्यांना आधी सगळा परिसर दाखवावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

मराठीत थरारकथेला वाचकांची कधी वानवा नव्हती. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्या वाचल्या गेल्या. अॅलिस्टर मॅक्लीन, फ्रेडरिक फोर्साइथ अनुवादांतून इथल्या वाचनालयांत पोचले, हातोहात फिरले, त्यांची पुठ्ठे उचकटलेली पुस्तकं पुन्हा पुन्हा बांधली गेली. या आवडत्या साहित्याची चिकित्सा मात्र आपण फार थोडी केली. वेळ घालवण्याचं साधन म्हणून ते बाजूला ठेवलं गेलं. ही उपेक्षा मला मान्य नाही. युद्धाबद्दलच्या सामान्य माणसाच्या कल्पना इतिहासाच्या ग्रंथांपेक्षा थरारपटांनी अधिक घडवल्या आहेत. जे आपली समजूत घडवतं, त्याकडे डोळे उघडे ठेवून पाहायलाच हवं.

सुटकेची कथा इतर युद्धकथांहून वेगळी का, ते आधी पाहू. इतर युद्धकथेत टेकडी जिंकायची असते, पूल उडवायचा असतो, शहर राखायचं असतं. सुटकेच्या कथेत जमीन जिंकायची नसते. जायचं, माणूस घ्यायचा आणि निघायचं. त्यामुळे परतीची वाट जायच्या वाटेइतकीच, किंबहुना जास्त, महत्त्वाची ठरते. वेळ मोजका असतो, शत्रू संख्येने जास्त असतो आणि योजना कुठेतरी फसणार हे वाचकाला ठाऊक असतं. या सगळ्याच्या तळाशी एक अवघड हिशेब असतो: एका जिवासाठी किती जीव पणाला लावायचे?

हा हिशेब कागदावरचा नाही. 2 एप्रिल 1972 रोजी व्हिएतनाममध्ये अमेरिकी लेफ्टनंट कर्नल आइसील हॅम्बल्टन यांचं विमान पाडलं गेलं. ‘बॅट 21’ हा त्यांचा रेडिओवरचा संकेत. शत्रूसैन्याने गजबजलेल्या भागात ते अकरा दिवसांहून अधिक काळ लपून होते आणि त्यांना सोडवण्याच्या प्रयत्नांत अकरा माणसं मेली. अखेर अमेरिकी नौदलाचे थॉमस नॉरिस आणि दक्षिण व्हिएतनामी नौदलाचे न्गुएन व्हान किएत या दोघांनी कोळ्यांच्या वेशात होडीतून जाऊन त्यांना आणलं. हॅम्बल्टन गोल्फचे शौकीन होते. कुठल्या दिशेला किती अंतर चालायचं, हे त्यांना ओळखीच्या गोल्फ मैदानांच्या भाषेत आकाशातून सांगितलं जाई, म्हणजे रेडिओ ऐकणाऱ्या शत्रूला पत्ता लागू नये. 1988 साली या प्रसंगावर चित्रपट निघाला. जीन हॅकमन खाली जंगलात आणि डॅनी ग्लोव्हर वर छोट्या विमानात. नॉरिस आणि किएत पडद्यावरून गायब झाले आणि सगळी कथा जमिनीवरचा माणूस आणि आकाशातला आवाज यांच्या मैत्रीवर उभी राहिली. खऱ्या शूरांवर तो अन्याय झाला, हे खरंच. पण दिग्दर्शकाच्या हाती एक मोलाची गोष्ट लागली होती. एकमेकांना कधीही न भेटलेली दोन माणसं, त्यांच्यामध्ये फक्त रेडिओ आणि एकाचा जीव दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून. आजच्या ड्रोन-थराराचं बीज तिथे आहे.

आपल्याकडच्या वाचकाला ही कथा परकी वाटू नये. शाळेच्या पुस्तकात आपण सगळेच ‘आग्र्याहून सुटका’ शिकलो. 1666 च्या त्या प्रसंगाची बखरींतून आणि परंपरेने चालत आलेली कथा शिवाजी महाराज कसे निसटले एवढ्यावर थांबत नाही. त्यांच्या जागी अंथरुणावर पडून राहिलेला हिरोजी फर्जंदही ती सांगते. अलीकडच्या ‘फर्जंद’ (2018) आणि ‘फत्तेशिकस्त’ (2019) या दिग्पाल लांजेकर यांच्या चित्रपटांनी छापा, टेहळणी आणि मोजक्या माणसांची मोहीम यांना पुन्हा मराठी पडद्यावर आणलं. हेर बहिर्जी नाईकांची बातमी आल्याशिवाय छापा निघत नाही, हे मराठी प्रेक्षकाला पक्कं माहीत आहे. आधी नजर, मग तलवार, हा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला आहे.

आता या साहित्याची वाटचाल थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धातल्या एका मोहिमेपासून सुरुवात करणं सोयीचं. 30 जानेवारी 1945 च्या संध्याकाळी फिलिपीन्समधल्या काबानातुआन इथल्या जपानी छावणीवर अमेरिकी रेंजर्स आणि फिलिपिनो गनिमांनी छापा घातला आणि पाचशेहून अधिक युद्धकैदी सोडवले. छावणीसमोरचं मैदान उघडं होतं आणि रेंजर्सना तिथून सरपटत जायचं होतं. म्हणून एक पी-61 विमान छावणीवर बोलावलं. वैमानिकाने इंजिन बंद-चालू करत, आवाज काढत, विमान आता पडणार असा आभास निर्माण केला. पहारेकरी माना वर करून तेच पाहत राहिले आणि तेवढ्या वेळात खाली माणसं पुढे सरकली. त्या वैमानिकाने एक गोळीही झाडली नाही. आकाशातली साथ म्हणजे बॉम्ब, ही समजूत पक्की होण्याआधी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

युद्धानंतर पहिली मोठी शाखा बहरली ती आखणीच्या थराराची. निवडक माणसं, प्रत्येकाचं एक कसब, अभेद्य किल्ला आणि आतला फितूर. मॅक्लीनची ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ (1957) आणि ‘व्हेअर ईगल्स डेअर’ (1967) ही तिची ठळक उदाहरणं. दुसऱ्या कादंबरीत तर आल्प्समधल्या किल्ल्यात अडकलेल्या अमेरिकी सेनाधिकाऱ्याची सुटका हाच वरवरचा बेत आहे आणि खरा डाव निराळाच. इथे वाचकाला गुंतवते ती योजना. ती कशी आखली, कशी फसली आणि ऐनवेळी कशी सावरली, यात सगळी गंमत.

या शाखेला 1976 साली वास्तवाने मोठं बळ दिलं. 27 जूनला एअर फ्रान्सचं विमान अपहृत होऊन युगांडातल्या एंटेबीला नेलं गेलं. 3 जुलैच्या रात्री इस्रायली कमांडो चार हर्क्युलिस विमानांतून सुमारे चार हजार किलोमीटर उडून तिथे उतरले. बरोबर युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनच्या गाडीसारखी दिसणारी काळी मर्सिडीज होती. शंभरावर ओलीस सुटले. काही ओलीस आणि मोहिमेतले योनातन नेतन्याहू मृत्युमुखी पडले. पाठोपाठ वर्षभरात तीन चित्रपट आले. सुटका मोहीम म्हणजे धाडस, वेग आणि यश, असं समीकरण जगभर रूढ झालं.

पण त्याच दशकाच्या दोन टोकांना दोन अपयशं उभी आहेत. मला ती एंटेबीपेक्षा जास्त शिकवणारी वाटतात. 24 एप्रिल 1980 च्या रात्री तेहरानमधल्या ओलिसांना सोडवायला निघालेली अमेरिकी मोहीम इराणच्या वाळवंटातच थांबली. आठ हेलिकॉप्टर निघाली होती, किमान सहा हवी होती, चालू स्थितीत पाच उरली. माघार घेताना एक हेलिकॉप्टर उभ्या विमानावर आदळलं आणि आठ जण मेले. अमेरिकेच्या विशेष दलांची पुढची बरीचशी रचना या घटनेतून निघाली.

दुसरं अपयश त्याआधीचं, आणि या पुस्तकाच्या विषयाच्या अगदी जवळचं. 21 नोव्हेंबर 1970 रोजी अमेरिकी जवानांनी हनोईजवळच्या सॉन ते इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीवर छापा घातला. तालीम चोख होती, छापा जवळजवळ निर्दोष पार पडला. छावणीत मात्र एकही अमेरिकी कैदी नव्हता. त्यांना जुलैमध्येच दुसरीकडे हलवलं होतं. छाप्याआधी तिथले फोटो काढण्यासाठी ‘बफेलो हंटर’ नावाची चालकविरहित विमानं सोडली होती. काही पाडली गेली, काही बिघडली. एक छावणीच्या अगदी जवळ पोचलं, पण क्षणभर आधी वळलं. त्याच्या कॅमेऱ्यात छावणीऐवजी क्षितिज आलं. सुटका मोहिमेत ड्रोन म्हणजे काहीतरी कालपरवाचं, असं मानणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा. नजर पाठवण्याची धडपड तेव्हाही होती आणि नजर चुकण्याची शक्यताही.

व्हिएतनामनंतर दुसरी शाखा आली, एकट्या वीराची. ‘मिसिंग इन अॅक्शन’ (1984) आणि रॅम्बोचा दुसरा चित्रपट (1985) यांत एकच माणूस जंगलात शिरतो आणि मागे राहिलेल्या कैद्यांना घेऊन येतो. पराभवाची बोच पडद्यावर भरून काढण्याचा तो प्रयत्न होता. तरी या शाखेने एक गंभीर धागा पुढे आणला: माणसाला शत्रू नव्हे, आपलेच वरिष्ठ वाऱ्यावर सोडतात. टॉम क्लॅन्सीने ‘क्लिअर अँड प्रेझेंट डेंजर’ (1989) या कादंबरीत तो नीट विणला. कोलंबियाच्या डोंगरांत गुपचूप पाठवलेल्या जवानांचा संपर्क वॉशिंग्टनमधला एक अधिकारी राजकीय सोयीसाठी तोडून टाकतो. इथे तिसरा माणूस गुन्हेगार म्हणून समोर येतो. त्याने एक गोळीही झाडली नाही, फक्त संपर्क तोडला.

तिसरी शाखा वार्तांकनाची. 3 ऑक्टोबर 1993 रोजी मोगादिशूत सुरू झालेल्या चकमकीत दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पडली आणि छाप्याची मोहीम बघता बघता सुटकेची मोहीम झाली. मार्क बोडेन यांनी असंख्य जवानांशी बोलून ती कथा 1999 साली पुस्तकात मांडली आणि रिडली स्कॉटने 2001 मध्ये चित्रपट केला. त्यातला एक भाग मी प्रत्येक नव्या वाचकाला वाचायला सांगतो. शहरातल्या गल्ल्यांत अडकलेल्या ताफ्याच्या वर नौदलाचं ओरायन विमान होतं. कुठली वाट मोकळी आणि कुठे अडथळा, हे त्यातल्या लोकांना दिसत होतं. पण त्यांचं बोलणं थेट ताफ्यापर्यंत जात नव्हतं. ते आधी मुख्यालयात, तिथून वरच्या हेलिकॉप्टरमध्ये आणि मग खाली. “डावीकडे वळा” हे शब्द चालकाच्या कानी पडेपर्यंत ती गल्ली मागे गेलेली असे. माणसं मरत होती आणि त्यांना बाहेर काढू शकणारी माहिती आकाशात हजर होती.

याच सुमाराला ड्रोन रणांगणावर स्थिरावलं. बगदादमध्ये जन्मलेले, इस्रायलमध्ये वाढलेले अभियंते अब्राहम करेम यांनी लॉस एंजेलिसमधल्या आपल्या गॅरेजमध्ये ज्या विमानांवर काम सुरू केलं, त्यांच्याच वंशातलं प्रिडेटर 1994 साली पहिल्यांदा उडालं. पुढच्या वर्षी ते बोस्नियावर होतं. त्याआधी काही आठवडे, जूनमध्ये, त्याच बोस्नियात स्कॉट ओ’ग्रेडी हे अमेरिकी वैमानिक सहा दिवस रानात लपून अखेर सुटले होते. 2001 च्या सुरुवातीला प्रिडेटरवरून हेलफायर क्षेपणास्त्र डागण्याची चाचणी झाली आणि त्याच वर्षी अफगाणिस्तानात ते वापरलं गेलं. पाहणाऱ्याच्या हाती आता शस्त्र आलं.

या टप्प्याचा कस लागला तो 4 मार्च 2002 रोजी, तकूर घर या अफगाण शिखरावर. रॉकेट लागलेल्या चिनूक हेलिकॉप्टरमधून नील रॉबर्ट्स हा नौदलाचा जवान खाली पडला. त्याला आणायला त्याची तुकडी माघारी आली. तिच्यात हवाई दलाचे जॉन चॅपमन होते. विमानांना खालून लक्ष्य सांगणं हेच त्यांचं काम. चॅपमन गोळ्या लागून कोसळले. ते गेले असं समजून तुकडी मागे हटली. नंतर रेंजर्सची कुमक आली आणि संपर्काच्या गोंधळामुळे थेट त्याच धोकादायक शिखरावर उतरली. दिवसभराच्या लढाईत प्रिडेटरने शत्रूच्या खंदकावर हेलफायर डागलं. अडचणीत सापडलेल्या सुटका तुकडीला ड्रोनने शस्त्रानिशी साथ दिली, अशा पहिल्या प्रसंगांपैकी हा एक. सात अमेरिकी मेले.

कथा इथे संपत नाही. प्रिडेटरचा कॅमेरा त्या शिखरावर रोखलेला होता. पुढे हवाई दलाने नव्या तंत्राने त्या चित्रफिती तपासल्या. तुकडी मागे हटल्यानंतरही त्या जागी कुणीतरी एकटाच लढत होता, तो चॅपमन, असा निष्कर्ष निघाला. 2018 च्या ऑगस्टमध्ये त्यांना मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, देण्यात आलं. हा निष्कर्ष सर्वांनी मान्य केला असं नाही, त्यावर वाद झाले. पण तो बरोबर मानला तर काय दिसतं? खाली एक माणूस एकटा झुंजत होता, वरचा डोळा ते टिपत होता, ठिकठिकाणच्या पडद्यांवर ते चित्र जात होतं आणि पाहणाऱ्या कुणालाच ते उमगलं नाही. दिसलं त्या दिवशी, समजलं दीड दशकानंतर.

या संग्रहाचा गाभा मला इथे सापडतो. नजर वाढली म्हणून समज वाढत नाही. नजरेमागे माणूस लागतो, त्याला वेळ लागतो, खालच्या माणसाशी त्याचं नातं लागतं.

हे नातं प्रत्यक्षात कसं चालतं, ते जवळून पाहू. जमिनीवरून विमानाला वा ड्रोनला मार्गदर्शन करणाऱ्याला बोलीत ‘जेटॅक’ म्हणतात. मदत मागताना तो ओरडत नाही, नऊ ओळी वाचतो. कुठून यायचं, कुठल्या दिशेने, किती अंतर. लक्ष्याची उंची, वर्णन, ठिकाण. लक्ष्याची खूण कशाने केली आहे. आठव्या ओळीत, आपली माणसं कुठे आहेत. नवव्या ओळीत, काम झाल्यावर कुठल्या बाजूने निघायचं. महत्त्वाचे आकडे वैमानिक परत वाचून दाखवतो. सगळं जुळलं की खालून परवानगी जाते: “क्लिअर्ड हॉट.” गोळ्यांच्या वर्षावात, धाप लागलेली असताना, हे सगळं न अडखळता बोलायचं असतं. चांगला लेखक स्फोटापेक्षा या नऊ ओळींत जास्त ताण भरतो.

कारण या ओळींतली चूक काय करते, याचा दाखला आहे. 5 डिसेंबर 2001 रोजी कंदाहारजवळ एका अमेरिकी नियंत्रकाने ठिकाण मोजणाऱ्या यंत्राची बॅटरी बदलली. यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा त्याने शत्रूचं नव्हे, स्वतःच्या जागेचं स्थान दाखवलं. तेच आकडे वर गेले. बी-52 विमानातून सुटलेला दोन हजार पौंडी बॉम्ब आपल्याच माणसांवर पडला. तीन अमेरिकी जवान आणि बरोबरचे अफगाण लढवय्ये मेले, पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झालेले हमीद करझाई थोडक्यात बचावले.

ड्रोन चालवणाऱ्याची खोली ही चौथ्या शाखेची भूमी. नेवाडातल्या क्रीच तळावर वैमानिक आणि त्याच्या शेजारी कॅमेऱ्याचं काम पाहणारा सहकारी बसतात. उपग्रहामार्गे चित्र आणि आज्ञा पोचायला सेकंदभराहून जास्त वेळ लागतो, म्हणून उड्डाण आणि उतरणं बहुधा रणभूमीजवळच्या तळावरची वेगळी माणसं सांभाळतात. पाळी संपली की वैमानिक गाडी काढून घरी जातो. ‘गुड किल’ (2014) ने हे दुभंगलेलं जगणं दाखवलं. गॅव्हिन हूडच्या ‘आय इन द स्काय’ (2015) मध्ये नैरोबीतल्या एका घरावर हल्ला करायचा की नाही, याचा खल लंडनपासून नेवाडापर्यंत चालतो आणि घराबाहेर एक मुलगी भाकऱ्या विकत बसलेली असते. तिच्या मृत्यूची शक्यता 50 टक्क्यांखाली कशी बसवायची, यावर अधिकारी आकडे झिजवत राहतात. या चित्रपटांत धावपळ नाही, थरार आहे. तो सगळा निर्णयाचा आहे.

आणि मग विल्यम युबँकचा ‘लँड ऑफ बॅड’ (2024). माझ्या मते सुटकेचा धावता थरार आणि ड्रोनची बंद खोली या दोन धारा इथे एकत्र येतात. दक्षिण फिलिपीन्समध्ये एका गुप्तहेराला सोडवायला गेलेली तुकडी उधळली जाते आणि नवखा जेटॅक किनी एकटा पडतो. लियम हेम्सवर्थने ती भूमिका केली आहे. त्याच्या मदतीला उरतो रसेल क्रो, नेवाडातल्या खोलीतला प्रौढ, चिडका, कामाशी इमान राखणारा ड्रोन वैमानिक. चित्रपट निर्दोष नाही. उत्तरार्धात तो मारामारीच्या ठरीव वाटेने जातो आणि फिलिपिनो माणसांना चेहराच देत नाही. तरी त्यातला एक प्रसंग या साहित्यात टिकून राहील असं मला वाटतं. क्रोची पाळी संपवली जाते, तो किराणा घ्यायला दुकानात जातो. तिकडे किनी जिवाच्या आकांताने संपर्क साधतो आहे. तळावरचा फोन वाजतो आहे आणि तिथली माणसं बास्केटबॉलचा सामना पाहण्यात दंग आहेत. उपग्रह, कॅमेरा, क्षेपणास्त्र सगळं जागेवर आहे. फोन उचलणारा माणूस नाही.

भारतीय चित्रपटानेही या वाटेवर पावलं टाकली आहेत. आदित्य धरच्या ‘उरी’ (2019) मध्ये पक्ष्याच्या आकाराचं टेहळणी ड्रोन कथेचा मोठा भार वाहतं. 2014 साली इराकमध्ये अडकलेल्या भारतीय परिचारिकांवर 2017 मध्ये दोन चित्रपट आले. हिंदीतल्या ‘टायगर जिंदा है’ने त्यांना कमांडो आणि गोळीबार दिला. मल्याळममधल्या महेश नारायणन यांच्या ‘टेक ऑफ’ने परिचारिकांची घुसमट आणि मुत्सद्द्यांची खटपट दाखवली, आणि प्रत्यक्षात परिचारिका सुटल्या त्या वाटाघाटींमुळेच. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहणं हे सुटकेच्या कथेचं उत्तम शिक्षण आहे.

हे सगळं आताच का वाचायचं? कारण ड्रोन आपल्या घराच्या उंबऱ्यात आलं आहे. 2025 च्या मे महिन्यात ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत सीमेच्या दोन्ही बाजूंनी ड्रोन उडाली आणि त्या बातम्यांसाठी घराघरांत रात्री जागवल्या गेल्या. युक्रेनमधल्या हल्ल्यांच्या चित्रफिती आपल्या फोनवर येतात आणि आपण त्या जेवता जेवता पाहतो. नेवाडातल्या वैमानिकाची खुर्ची आता प्रत्येकाला मिळाली आहे, फक्त त्याचं प्रशिक्षण आणि त्याचं ओझं मिळालेलं नाही. खालचा ठिपका माणूस आहे, याची आठवण ठेवणं हे प्रेक्षक म्हणूनही आपल्यावर येतं. जानेवारी 2015 मध्ये अफगाणिस्तान-पाकिस्तान सीमाभागात अमेरिकी ड्रोनने अल कायदाच्या ठिकाणावर हल्ला केला. त्या जागेवर दीर्घकाळ पाळत होती. तरीही आत ओलीस असलेले वॉरन वाइनस्टाइन आणि जोव्हानी लो पोर्तो कुणाला दिसले नाहीत आणि ते मारले गेले. ज्यांची सुटका व्हायची, तेच.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती सांगताना मला आनंद होतो. पवईच्या आयआयटीतून निघालेल्या तरुणांच्या आयडियाफोर्ज या कंपनीचं छोटं ड्रोन ‘थ्री इडियट्स’मध्ये झळकलं होतं. 2013 च्या उत्तराखंडच्या महापुरात याच कंपनीची ‘नेत्र’ ड्रोन अडकलेल्या माणसांच्या शोधासाठी उडाली. 2022 साली युक्रेनमध्ये इझियूमजवळ एका जोडप्याच्या गाडीवर गोळीबार झाला, नवरा गंभीर जखमी झाला. युक्रेनी जवानांनी ड्रोनला चिठ्ठी बांधून पाठवली: माझ्यामागे ये. ती बाई त्या उडत्या यंत्रामागून चालत सुरक्षित जागी पोचली. एकच यंत्र, पण ते काय होईल हे मागे बसलेला माणूस ठरवतो.

या संग्रहाने अंगावर घेतलेलं काम यातूनच ठरलं. इथे शस्त्रांची कौतुकं नाहीत आणि थरारावर नैतिकतेचे ताशेरेही नाहीत. प्रत्येक लेखकाने एखादी कलाकृती घेऊन तिच्यामागची खरी मोहीम शोधली आहे आणि तीन प्रश्न विचारले आहेत. कोणाला काय दिसत होतं? ते कोणापर्यंत पोचलं? आणि बिघडलं तेव्हा कोण जागेवर राहिलं? या प्रश्नांमुळे गाजलेल्या चित्रपटांचे काही कच्चे दुवे उघडे पडतात आणि विसरलेल्या कादंबऱ्या नव्याने मोलाच्या वाटू लागतात. स्थानिक माणसं, म्हणजे किएतसारखे, काबानातुआनच्या गनिमांसारखे, पडद्यावरून वारंवार का पुसले जातात, हा प्रश्नही लेखकांनी धरून ठेवला आहे. लष्करी शब्द जिथे लागले तिथे समजावून दिले आहेत, त्यामुळे सैन्याशी संबंध नसलेल्या वाचकाला कुठे अडायला होणार नाही. लेख कोणत्याही क्रमाने वाचावेत. पण एखादा लेख वाचला की तो चित्रपट पुन्हा पाहावा, एवढी विनंती.

थरारकथा आपल्याला खुर्चीच्या कडेवर आणून बसवते, आणि ते तिचं सामर्थ्य आहे. त्या कडेवर बसून आपण कोणासाठी श्वास रोखतो आणि कोणाकडे आपलं लक्षच जात नाही, हे तपासायची सवय लागावी, असं या पुस्तकाला वाटतं. उद्या युद्धाबद्दल मत देताना, सरकारांना प्रश्न विचारताना, किंवा पवई-पुण्यात बसून अशी यंत्रं घडवतानाही ही सवय उपयोगी पडेल. सुटका मोहिमेचं यश अखेर एका साध्या कसोटीवर ठरतं: अडकलेल्याने हाक मारली तेव्हा पलीकडे कुणी ऐकायला होतं का. या कसोटीवर कथा तपासायला शिकलेला वाचक खऱ्या युद्धालाही तीच कसोटी लावेल, आणि तसा वाचक मराठीत तयार व्हावा म्हणून हे पुस्तक आहे.